नामांकित चित्रकारांच्या वाटेने: तेरेझिनमधील चित्रवर्ग

१/ प्रसिद्ध चित्रकारांची चित्रे समोर ठेवून लहान मुलांना चित्रकला शिकवावी, की त्यामुळे मुलांचा स्वतःचा हात मारला जातो? शाळांमधून आजही चर्चिला जाणारा हा प्रश्न एका स्त्रीने नाझींच्या बंदिवासात प्रत्यक्ष वर्ग घेत सोडवला. तिचे नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस.

२/ फ्रीडल यांचा जन्म १८९८ मध्ये व्हिएन्नात झाला. तेथे त्यांना फ्रान्झ चिझेक हे शिक्षक लाभले. मुलांकडून नमुन्यांची नक्कल करून घेण्याच्या तत्कालीन पद्धतीला चिझेक यांचा ठाम विरोध होता. बालकाचे चित्र म्हणजे प्रौढांच्या चित्राची अपुरी आवृत्ती नव्हे. ती स्वतंत्र कला आहे, असे ते मानत.

३/ दुसरे गुरू योहानेस इटेन. त्यांच्यामागोमाग फ्रीडल १९१९ मध्ये वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या. इटेन मात्र जुन्या थोर चित्रकारांची चित्रे वर्गात आवर्जून आणत. नक्कल करून घेणे हा त्यांचा हेतू नव्हता. चित्राची लय, छायाप्रकाश आणि भाव विद्यार्थ्याने आधी अनुभवावा आणि मगच रेषा ओढावी, असा त्यांचा आग्रह असे.

४/ ऑस्कर श्लेमर यांनी या वर्गातील एक प्रसंग नोंदवला आहे. ग्रूनेवाल्डच्या चित्रातील शोकाकुल मॅग्डालिन दाखवून इटेन यांनी विद्यार्थ्यांना रेखाटायला सांगितले. विद्यार्थी निमूटपणे कामाला लागताच ते संतापले. खरी संवेदना असती, तर रेखाटण्याऐवजी तुमच्या डोळ्यांना धारा लागल्या असत्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

५/ पुढे राजकीय कारणांसाठी अटक झाल्यानंतर फ्रीडल प्रागला गेल्या. तेथे त्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. १९३६ मध्ये पावेल ब्रँडाइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डिसेंबर १९४२ मध्ये या ज्यू दांपत्याची रवानगी तेरेझिनला झाली.

६/ तेरेझिन हे अठराव्या शतकातील तटबंदीचे गाव. नाझींनी त्याचा बंदिवाडा केला होता. प्रत्येकाला सोबत ५० किलो सामान नेण्याची मुभा होती. फ्रीडल यांच्या सामानात चित्रकलेचे साहित्य होते. तेथे मुलांना रीतसर शिक्षण देण्यास बंदी होती; चित्रे काढण्यास मात्र फारशी आडकाठी नव्हती. या फटीतूनच त्यांचा वर्ग उभा राहिला.

७/ या वर्गात दोन्ही गुरूंची शिकवण एकत्र आली. प्रारंभी लयीचे रेषाभ्यास, मग समोरच्या वस्तू, मग कल्पनाचित्रे. कधी वर्मीरसारख्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत समोर ठेवली जाई आणि मुले कागदाचे तुकडे कापून, चिकटवून तीच रचना नव्याने उभी करत. कचेरीतील वापरलेले छापील कागदही त्यासाठी चालत.

८/ या युक्तीत मोठा अर्थ आहे. कागद कापून मूळ चित्राची हुबेहूब नक्कल करता येत नाही. बारकावे गळतात आणि आकारांचे परस्पर नाते तेवढे उरते. त्यामुळे मुलाला थोर चित्रकाराची विचारपद्धती उमगते. त्याच्या हातसफाईशी स्पर्धा करावी लागत नाही. इटेन यांचे आदर्श टिकले आणि चिझेक यांचे बालकाचे स्वातंत्र्यही टिकले.

९/ १९४३ मध्ये फ्रीडल यांनी तेरेझिनमध्येच मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिले. मुलांना आपल्यासारखे करण्याची प्रौढांना एवढी घाई का, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. मुलांची वाट आपण आखून दिली, तर त्यांच्या सर्जनशक्तीला आपण मुकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१०/ सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस पावेल यांना ऑशवित्झला पाठवण्यात आले. आपणही त्यांच्यामागे जावे म्हणून फ्रीडल यांनी पुढच्या गाडीसाठी स्वतःहून नाव दिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये बिर्केनाऊ येथे त्यांची हत्या झाली. पावेल मात्र वाचले.

११/ मागे राहिल्या त्या मुलांच्या सुमारे ४,५०० चित्रांनी भरलेल्या दोन सुटकेस. युद्धानंतर त्या प्रागच्या ज्यू समाजाकडे पोहोचल्या. आज हा ठेवा प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहे. चित्रे काढणारी बहुतेक मुले मारली गेली.

१२/ प्रत्येक चित्रावर आपले नाव लिहावे, असा फ्रीडल यांचा मुलांना आग्रह असे. बंदिवाड्यात माणसाची ओळख वाहतूक-यादीतील क्रमांकापुरती उरली होती. त्या आग्रहामुळेच वर्मीरवरून कागद कापणारी ती मुले आज नावानिशी ठाऊक आहेत.