आतला निघाला तर

मारेगावच्या माणसासमोर ट्रक हा शब्द उच्चारला की त्याला आधी कोळसा आठवतो. वणीचा खाणपट्टा आमच्या शेजारीच. वणी, राजूर, घुग्घुस, माजरी ही नावं आम्ही पाढ्यांसारखी ऐकत मोठे झालो. वणीहून मारेगाव, पुढे करंजी आणि तिथे नागपूर-हैदराबाद महामार्ग. या रस्त्यालगत राहणाऱ्याला रात्री झोपेतही कळतं की आत्ता गेलेली गाडी भरलेली होती की रिकामी.

सर्कल ही चीज मात्र मी उशिरा पाहिली. आमच्याकडे चौक असतो. चार बाजूंनी चार रस्ते येतात, मधे पानठेला, आणि ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या ट्रकमध्ये बसून चंद्रपूरच्या बाजूला गेलो, तेव्हा एका गोलाभोवती ट्रकांची माळ गच्च अडकलेली पाहिली. पुढचा हलेना, मागचा थांबेना. मामांनी गाडी गोलाच्या अलीकडेच थांबवली, समोर चांगली पंधरा-वीस फूट जागा असताना. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. मी म्हणालो, "मामा, जागा आहे ना, घ्या पुढे."

"घेतो मी पुढं. मंग आतला निघंल कुठून?" मामा म्हणाले. "अरे बाबू, आतला निघाला तरच बाहेरच्याले जागा होते ना!"

तेव्हा मला ते नुसतं मामांचं शहाणपण वाटलं. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा सहज वाचत बसलो आणि लक्षात आलं की एवढी एक गोष्ट उमजायला जगाला साठेक वर्षं लागली होती.

गोल आला, नियम आला नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्या, ट्राम आणि नव्याने आलेल्या मोटारी मोठ्या शहरांच्या चौकांत एकमेकांत घुसू लागल्या. पॅरिसमध्ये युजेन एनार नावाच्या वास्तुरचनाकाराने उपाय सुचवला: चौकाच्या मधोमध एक बेट ठेवा आणि सगळ्यांनी त्याच्याभोवती एकाच दिशेने फिरा. १९०७ मध्ये पॅरिसच्या एत्वाल चौकात हे सुरू झालं. तिथे १२ रस्ते एकत्र येतात आणि मधे विजयाची प्रचंड कमान आहे. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला विल्यम एनो यांच्या आग्रहामुळे एकेरी फिरण्याची पद्धत आली. या एनोंनी वाहतुकीचे नियम घडवण्यात आयुष्य घातलं, पण स्वतः गाडी चालवायला ते कधीच शिकले नाहीत असं सांगतात.

दोघांनीही एक प्रश्न सोडवला: फिरायचं कुठल्या दिशेने? दुसरा प्रश्न तसाच राहिला: थांबायचं कोणी? गोलात असलेल्याने, की गोलात शिरू पाहणाऱ्याने?

गाड्या कमी होत्या तोवर हा प्रश्न कोणाला टोचला नाही. गाड्या वाढल्या आणि गोल तुंबू लागले. शिरणारा शिरतच राहिला, त्यामुळे आतला बाहेर पडायच्या तोंडाशी अडकला. तो अडकला म्हणून त्याच्या मागचा अडकला. ही साखळी गोल फिरून पुन्हा पहिल्यापर्यंत आली की खेळ खलास. अनेक ठिकाणी कंटाळून गोल काढले आणि सिग्नल बसवले.

माझ्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. एक प्रोग्रॅम एक वस्तू धरून बसतो आणि दुसरीची वाट पाहतो. ती दुसऱ्या प्रोग्रॅमने धरलेली असते आणि तो पहिल्याची वाट पाहत असतो. १९७१ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली न सोडता पुढची मागितली जाते, कोणाकडून काही हिसकावून घेता येत नाही, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारातली एक अट मोडली तरी गाठ सुटते. कॉलेजात हे शिकवताना सरांनी फळ्यावर चौकात अडकलेल्या चार गाड्याच काढल्या होत्या. मला मात्र मामांची ती मोकळी सोडलेली पंधरा-वीस फूट जागा आठवली. मामांनी वर्तुळ पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

उजवीकडचा कोण?

फ्रान्समध्ये जुना नियम होता की उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. ऐकायला सरळ आहे. पण फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि गोलाभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. म्हणजे गोलात असलेल्याच्या उजवीकडून येणारा कोण? नव्याने शिरणारा! नियम पाळला की गोल तुंबणारच.

आता हाच नियम डाव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशात ठेवून बघा. आपण घड्याळाच्या दिशेने फिरतो. गोलाच्या तोंडाशी उभं राहिलं की उजवीकडून येणारा हा आधीपासून आत फिरत असलेला असतो. त्याला वाट दिली की गोल वाहता राहतो. शब्द तेच, फळ उलटं.

इंग्लंडमध्ये फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने सरकारी रस्ते संशोधन संस्थेत यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यातून नोव्हेंबर १९६६ मध्ये तिथे नियम आला की गोलात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. सर्कलचा दुसरा जन्म झाला तो इथे. फ्रान्सने पुढे १९८४ च्या सुमारास आतल्याला अग्रक्रम देणारी पद्धत स्वीकारली, पण एत्वाल चौकात आजही जुनाच नियम चालतो.

आपल्याकडे कायदा आधीच होता

इथपर्यंत वाचून मला वाटलं होतं की आपण नेहमीप्रमाणे मागे राहिलो असू. म्हणून कायदा शोधला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याला एक परिशिष्ट होतं, वाहन चालवण्याच्या नियमांचं. त्यात म्हटलं होतं की चौकात शिरताना समोरचा रस्ता मुख्य म्हणून जाहीर असेल तर त्यावरच्या वाहनांना वाट द्या, नाहीतर उजवीकडून येणाऱ्या सगळ्यांना द्या. १९८९ च्या नियमांतही तेच आलं. २०१७ च्या नियमांत तर आधीपासून गोलात असलेल्या वाहनाचा हक्क पहिला, हे वेगळं सांगितलं. म्हणजे इंग्लंडने १९६६ मध्ये जो नियम गोलांना लावला, त्याचा गाभा आपल्या कायद्यात २७ वर्षं आधीपासून होता.

रस्ते बांधण्यातही आपण आळशी नव्हतो. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते आमच्या नागपुरात जमले आणि पहिला मोठा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे, जिल्ह्याचे आणि गावाचे रस्ते अशी उतरंड आणि दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता असं उद्दिष्ट त्यात होतं. १९७६ मध्ये याच रोड्स काँग्रेसने सर्कल कसं आखावं याची पुस्तिका काढली आणि २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली. त्रिज्या किती, कोन किती, सगळं छापलेलं आहे.

मग अडलं कुठे? रस्ता बांधणाऱ्याला पुस्तिका मिळाली, चालवणाऱ्याला नियम पोचला नाही. मी स्वतः लायसन्स काढलं तेव्हा इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला. गोलात कोणी थांबायचं हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

क्लिनर साइड

मोटारसायकलवाल्याचं अज्ञान एक वेळ निभतं, ट्रकवाल्याचं निभत नाही. त्याचं कारण भूमितीत आहे. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. गोलात शिरताना ट्रक डावीकडे वळतो, मग बेटाभोवती उजवीकडे, मग बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी त्याची शेपटी आत येते. म्हणून ट्रेलरवाला पुष्कळदा दोन लेन अडवून चालतो. ती मस्ती असेलच असं नाही, एका लेनमध्ये तो मावत नाही. नव्या धाटणीच्या गोलांत बेटाभोवती थोडा उंच पट्टा ठेवतात तो याचसाठी. मोटारीने त्यावर चढू नये आणि ट्रकच्या मागच्या चाकांना चढता यावं.

त्यातही सगळ्यात वाईट बाजू डावी. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डाव्या दाराखालचं त्याला जवळपास काहीच दिसत नाही. पूर्वी तिथे क्लिनर असायचा. खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत, दारावर थाप मारत "आने दो, आने दो" ओरडणारा. तो पोरगा म्हणजे त्या गाडीचा डावा डोळा. आता कित्येक ट्रकांत ती सीट रिकामी असते.

आमच्या शाळेतला एक मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे, अशाच रिकाम्या दिसणाऱ्या डाव्या जागेत मोटारसायकल घालून गेला. ट्रक तेव्हाच डावीकडे वळत होता. गावात सगळे म्हणाले की ट्रकवाल्याने उडवला. मीही तेच म्हणत होतो. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याले दिसलाच नसंल तो." मला तेव्हा राग आला होता. ट्रकवाला ट्रकवाल्याचीच बाजू घेणार, असं वाटलं होतं. आज मी दोघांनाही तिथे उभं करून पाहतो. वळायच्या आधी डावीकडचा इंडिकेटर दाखवून क्षणभर थांबणारा ड्रायव्हर आणि तो पाहून मागेच थांबणारा मुलगा. दोघांपैकी एकाला जरी हे कोणी शिकवलं असतं तरी पुरलं असतं.

थांबण्याचा खर्च

कोळशाच्या धंद्यात मामांना पैसे खेपेवर मिळायचे. गोलाअलीकडे थांबलेली पाच मिनिटं त्यांच्या खिशातून जायची आणि फायदा व्हायचा पन्नास अनोळखी लोकांचा. "ट्रकवाले बेशिस्त" म्हणताना आपण हे विसरतो. एकटा सभ्यपणे वागणारा दर वेळी थोडा तोट्यात जातो. नियम सगळ्यांनी पाळला तर तोटा सगळ्यांत वाटला जातो आणि शेवटी सगळेच लवकर घरी पोचतात. नियम असतो तो याच्यासाठी.

आबाजी बैलबंडीच्या काळातलं सांगायचे. अरुंद वाटेवर दोन बंड्या समोरासमोर आल्या की रिकामी बंडी चाकोरी सोडायची, भरलेली तशीच पुढे जायची. कारण भरलेली बंडी चाकोरीबाहेर गेली तर चिखलात रुतणार, मग दोघांचीही वाट बंद. चाकोरी म्हणजे दुसरं काय, आपली लेनच. कोणी थांबायचं हे त्या वाटेवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मामांनी आता ट्रक सोडला. मी पुण्यात स्कूटर चालवतो. सर्कलच्या तोंडाशी थांबून उजवीकडे पाहतो, आतला ट्रक निघेपर्यंत पाय टेकवून उभा राहतो. मागचे हॉर्न वाजवतात. मी मागे वळून पाहत नाही. ट्रकची शेपटी पूर्ण वळली की मग स्कूटर आत घेतो.