अठराव्या शतकांतील इंग्रजी नाटकांचे प्रोलॉग व एपिलॉग : कर्तृत्वाचा प्रश्न

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार कवीचें नांव व कृति सांगतो, आणि शेवटीं भरतवाक्यानें समाप्ति होते. हीं दोन्ही अंगें सामान्यतः संहितेंतच असतात. हीच दृष्टि ठेवून अठराव्या शतकांतील इंग्रजी नाटकें वाचणारा फसतो. तेथील प्रोलॉग व एपिलॉग, म्हणजे प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतर प्रेक्षकांस उद्देशून म्हणावयाचीं यमकबद्ध पद्यें, पुष्कळदां नाटककाराचीं नसतच. म्हणून त्यांचें कर्तृत्व स्वतंत्रपणें सिद्ध करावें लागतें, एवढेंच या टिपणांत दाखवावयाचें आहे.

१७१३ सालीं अ‍ॅडिसनच्या 'केटो' नाटकास प्रोलॉग पोपनें दिला व एपिलॉग सॅम्युअल गार्थ या वैद्यानें. १७७७ सालच्या 'स्कूल फॉर स्कँडल' या शेरिडनच्या नाटकाचा प्रोलॉग गॅरिकचा, तर एपिलॉग कोलमनचा. या साहाय्याचें कारण व्यावहारिक होतें. नाटककाराची प्राप्ति मुख्यतः तिसऱ्या रात्रीच्या, व नाटक टिकल्यास सहाव्या आणि नवव्या रात्रीच्या, खर्च वजा जातां उरलेल्या उत्पन्नावर अवलंबून असे. पहिल्याच रात्रीं प्रेक्षकांनीं ओरडून नाटक पाडलें, तर तिसरी रात्र उगवतच नसे. त्यामुळें प्रसिद्ध कवीचें आर्जवी पद्य हा एक प्रकारचा जामीनच होता.

कर्तृत्वाचा घोटाळा १७१२ सालच्या 'डिस्ट्रेस्ट मदर' या अँब्रोझ फिलिप्सच्या नाटकांत उत्तम दिसतो. त्याचा एपिलॉग अ‍ॅन ओल्डफील्ड या नटीनें म्हटला व तो अत्यंत लोकप्रिय झाला. शोकान्त प्रयोगानंतर असा विनोद उचित कीं अनुचित, याचा वादही 'स्पेक्टेटर' पत्रांत झाला. छापील प्रतीवर कर्ता म्हणून युस्टेस बजेलचें नांव आहे. परंतु सुमारें सत्तर वर्षांनीं जॉन्सननें फिलिप्सच्या चरित्रांत निराळी हकीकत दिली. एपिलॉग वस्तुतः अ‍ॅडिसनचा. प्रथम त्याच्याच नांवानें छापला होता. पण बजेलला जागा मिळवून देण्याची खटपट चालू असल्यामुळें प्रती बाहेर पडण्यापूर्वीं अ‍ॅडिसननें सकाळींच येऊन नांव बदलविलें. ही गोष्ट टॉन्सन प्रकाशकाच्या घरची, तेथून गॅरिकच्या कानीं गेलेली. ती असंभाव्य नाहीं. तथापि ती कर्णोपकर्णीं आलेली व उत्तरकालीन असल्यामुळें तिचें बळ समकालीन लेखाइतकें मानतां येत नाहीं.

लेखी साधनांचा मोठा सांठा कायद्यानें निर्माण केला. १७३७ च्या कायद्यान्वयें नव्या नाटकाप्रमाणेंच नव्या प्रोलॉग-एपिलॉगाचीही प्रत प्रयोगापूर्वीं चौदा दिवस लॉर्ड चेंबरलेनकडे धाडावी लागे; उल्लंघनास पन्नास पौंड दंड होता. नाट्यपरीक्षक जॉन लार्पेंटजवळ राहिलेला या प्रतींचा संग्रह १९१७ सालीं कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन ग्रंथालयाकडे गेला. मात्र परवान्याची प्रत लेखाचा काळ ठरविण्यास उपयोगी. कर्ता कोण, हें तेवढ्यानें ठरत नाहीं.

उलट, हस्तलिखित सांपडलें म्हणजे पद्य रंगभूमीवर म्हटलें गेलेंच, असेंही नाहीं. गोल्डस्मिथनें १७७३ सालच्या 'शी स्टूप्स टु काँकर' करितां मिसेस बल्क्ली व मिस कॅटली या दोन नटींच्या संवादरूपानें एक एपिलॉग रचला होता. तो प्रयोगांत आला नाहीं. बिशप पर्सीजवळच्या हस्तलिखितावरून तो १८०१ सालीं छापला गेला.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, असें सुटें पान हातीं आल्यास तें केवळ विषयसाम्यावरून जवळच्या नाटकास शिवूं नये. तें ज्या जुडग्यांत मिळालें त्याची नोंद ठेवावी, आणि रचिलें कोणी, म्हटलें कोणी व छापलें कोणी, हे तीन प्रश्न निरनिराळे ठेवावे.