पेशी-संक्रमण आणि कर्करोगाचा प्रसार

पेशी-संक्रमण (ईएमटी, म्हणजे एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन) : अवयवांच्या अस्तरात एकमेकींना चिकटून राहणाऱ्या अभिस्तर पेशींनी ती बांधणी सोडून फिरत्या मेसेन्कायमल पेशींचे गुण घेण्याची प्रक्रिया. गर्भाच्या घडणीत व जखम भरताना ती उपकारक ठरते. एलिझाबेथ हे (Hay) या अमेरिकन शास्त्रज्ञेने या प्रक्रियेच्या अभ्यासाचा पाया घातला.

अर्बुदातील पेशी हीच वाट वापरतात. टीजीएफ-बीटासारख्या संकेतांमुळे स्नेल, ट्विस्ट, झेब ही जनुकनियंत्रक प्रथिने सक्रिय होतात. पेशींना जखडणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटते, फिरत्या पेशींत आढळणारे व्हायमेंटिन वाढते. सुटलेली पेशी रक्तात वा लसीकेत शिरते आणि दूरच्या अवयवात रुजताना बहुधा उलट संक्रमण करते. हा बदल अनेकदा अर्धवटच राहतो. अशा संमिश्र अवस्थेतील पेशी अधिक घातक ठरू शकतात, म्हणून संशोधनाचा खरा कस तेथेच लागतो.

अशा प्रसाराचे जवळचे उदाहरण म्हणजे मुखकर्करोग : महाराष्ट्रात तंबाखू-सुपारीमुळे होणारा हा रोग प्रथम मानेतील लसीका ग्रंथींत पसरतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मोलाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : प्रारंभिक रोगात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच या ग्रंथी काढल्यास तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबल्यास 67.5 टक्के.

पेशी-संक्रमण थेट रोखणारे औषध रूढ उपचारांत नाही. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तपासणी लांबवू नये.