अढीची कुळकथा

बालाघाटच्या डोंगरातली बहुतेक सीताफळं कुणी हाताने लावलेली नाहीत. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या भागांत माळावर, बांधावर, घाटाच्या उतारावर ती आपली आपण उगवली. मूळचं हे झाड अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातलं, पण बीडच्या मुरमाड रानात असं रुजलं की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दसऱ्याच्या सुमारास तोडणी जोरात असते. ऊसतोडीला निघण्याआधी कितीतरी घरांत या फळाचे चार पैसे येतात.

तोडलेलं सीताफळ मात्र लगेच खाता येत नाही. ते अढीत घालावं लागतं. टोपलीत किंवा कोपऱ्यात गवत अंथरायचं, फळं एकमेकांना लागून ठेवायची, वर पुन्हा गवत आणि त्यावर पोतं. कुणी ज्वारीच्या कणगीत पुरतात. तीन-चार दिवसांत फळ बोटाखाली दबतं. घाई असेल तर एखादं पिकलेलं फळ मुद्दाम आत सोडतात. हे शहाणपण कुणी शाळेत शिकवलेलं नाही, आणि नासका आंबा अढी नासवतो ही म्हणही त्यातूनच आली. या अढीत नेमकं काय घडतं हे उमगायला जगाला विसावं शतक उजाडावं लागलं.

ऊब मिळाली की फळ पिकतं, असं बहुतेक ठिकाणी मानलं जाई. त्यात थोडं तथ्य आहेच, पण मुख्य गोष्ट वेगळी होती. प्राचीन इजिप्तमध्ये उंबराच्या जातीचं अंजीर पिकवायला कच्च्या फळाला चिरा देत. ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस याने त्याची नोंद केली आहे. चीनमध्ये बंद खोलीत धूप जाळून फळं पिकवत. आपल्याकडे केळीला धुरी देत. कॅलिफोर्नियात हिरवी लिंबं पिवळी करायला केरोसीनच्या शेगड्या पेटवत. तिथे शेगड्या काढून नुसती उष्णता दिली, तेव्हा लिंबं हिरवीच राहिली. म्हणजे काम उष्णतेचं नव्हतं, धुरातल्या कशाचं तरी होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे इथिलीन वायू, हे फ्रँक डेनी याने १९२४ मध्ये दाखवलं.

या वायूची ओळख त्याआधी रशियात पटली होती. सेंट पीटर्सबर्गमध्ये द्मित्री नेल्युबोव प्रयोगशाळेत अंधारात वाटाण्याचे कोंब वाढवत होता. ते सरळ न वाढता आडवे पसरत. बाहेरच्या हवेत नेले की नीट वाढत. दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन हे त्याचं कारण आहे, असं त्याने १९०१ मध्ये मांडलं. पण हा वायू झाडाला बाहेरून लागतो, एवढंच तोवर ठाऊक होतं. १९३४ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड गेन याने सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. फळ हा निरोप स्वतः तयार करतं आणि शेजारच्या फळालाही पोचवतं! गवत आणि पोतं ऊब धरतात हे खरं, पण त्याहून मोठं काम म्हणजे ते हा निरोप उडून जाऊ देत नाहीत. चीर दिलेल्या अंजिरातही तेच होतं, कारण जखम झालेल्या पेशी जास्त इथिलीन सोडतात.

एका फळातून निघालेलं इथिलीन दुसऱ्याच्या पेशींना लागलं की त्या आणखी इथिलीन बनवू लागतात. त्यामुळे अढी एकदा लागली की सगळी मिळून पिकते. सीताफळ, आंबा, केळी, चिकू, पपई ही या जातीची फळं. द्राक्ष, मोसंबी, डाळिंब मात्र अढीत गोड होत नाहीत. म्हणून आपल्याकडे मोसंबीची अढी कुणी लावत नाही.

पेशीच्या आत हा निरोप कसा वाचला जातो, तो भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या रोपट्यावर अँथनी ब्लीकर, केरन चँग आणि इतरांनी १९८८ पासून काम केलं. इथिलीन ज्यांच्यापर्यंत पोचूनही काही फरक पडत नाही अशी रोपं त्यांनी शोधली आणि १९९३ मध्ये त्यामागचं जनुक हाती आलं. त्यातून इथिलीन ओळखणारं ग्राही प्रथिन सापडलं. ते तांब्याच्या अणूच्या मदतीने वायूला धरतं. अपेक्षा अशी होती की वायू आला की ग्राही कामाला लागत असेल. झालं उलटंच. वायू नसतो तेव्हाच ते काम करत असतं. राखणदार जसा रानात उभा राहून कुणाला आत येऊ देत नाही, तसं ते दुसऱ्या एका प्रथिनाकरवी पिकण्याची सगळी यंत्रणा अडवून धरतं. इथिलीन येऊन बसलं की राखण थांबते. अडवलेल्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाचा तुकडा सुटून केंद्रकात जातो आणि पिकण्याची जनुकं जागी होतात. पिठूळ स्टार्चची साखर होते, पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन विरघळतं, सुगंध सुटतो. पिकण्याचा हुकूम असा कुणी देत नाही, नकार तेवढा मागे घेतला जातो.

हे कळल्यावर फळं पिकवायला वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडचा राग अधिकच येतो. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो, तीही दुबळी, आणि सोबत आर्सेनिक व फॉस्फरसच्या विषारी संयुगांचे अंश येऊ शकतात. देशात त्याला बंदी आहे. प्रमाणात दिलेल्या इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे.

पण वायू कितीही शुद्ध असला तरी कोवळ्या फळावर त्याचा उपयोग नाही. फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर पांढऱ्या झाल्या की डोंगरातल्या बाया म्हणतात, डोळे उघडले. त्याआधी तोडलेलं फळ अढीत घाला की इथिलीनच्या खोलीत, ते काळं पडतं, पिकत नाही.

आता अडचण उलट्या बाजूने आहे. डोळे उघडलेलं फळ दोन-चार दिवसांतच मऊ होतं, त्यामुळे लांबच्या बाजारात पोचत नाही. शीतगृहात फार थंड ठेवलं तर साल काळी पडते. म्हणून ग्राहीच अडवणाऱ्या वन-एमसीपी या वायूचा आधार घ्यावा लागतो. इथिलीन बसायचं तिथेच तो जाऊन बसतो आणि राखणदार हलत नाही. सीताफळावर त्याचे प्रयोग झाले आहेत, फळ काही दिवस उशिरा पिकतं. पिढ्यान्‌पिढ्या जो निरोप पोत्याखाली कोंडून ठेवला, तोच आता पेटीतल्या फळाला ऐकू येऊ द्यायचा नाही, एवढं हे काम आहे.