सायकलवरून महेश्वर : घाट, सहस्रधारा आणि नावडातोली

आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना महेश्वर काही नवं नाही. पाहुणे आले की गाडी काढायची, नव्वद-एक किलोमीटर जायचं, किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी पाहायची, घाटावर बसायचं, साडी घ्यायची आणि संध्याकाळी परत. मीही असं आठ-दहा वेळा केलं असेल. यंदा हिवाळ्यात मात्र एका स्नेह्याकडे मुक्काम केला आणि त्याची जुनी सायकल घेऊन दोन दिवस फिरलो. डोक्यात एकच प्रश्न होता. १७६७ साली कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी राजधानीसाठी हीच जागा का निवडली? नर्मदेवरची श्रद्धा, हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंच आहे. पण नर्मदेकाठी तीर्थं पुष्कळ आहेत.

पहिल्या दिवशी पश्चिमेला जलकोटीकडे निघालो. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, मधूनच वेचणी झालेला कापूस. रस्ता सोडून नदीकडे वळलं की आधी आवाज येतो, मग सहस्रधारा दिसते. काळ्या कातळात नदी असंख्य धारांनी फुटलेली. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली, ती त्याच्या बोटांतून निसटली, अशी कथा लोक सांगतात. मला जाणवलं ते वेगळंच. महेश्वरच्या घाटासमोर हीच नदी रुंद, खोल, संथ आहे. इथे साधी नाव घालायची सोय नाही. गाडीतून येणाऱ्याला हा फरक कळत नाही, कारण तो नदी सोडून हमरस्त्याने जातो.

दुसऱ्या दिवशी घाटावर नाववाल्याला विचारलं, पलीकडे नेणार का? तो म्हणाला, "साइकिल भी चढ़ा लो, भैया." थोड्याच वेळात दक्षिण तीरावर नावडातोलीला उतरलो. नावडातोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. नावातच सगळं आलं!

याच गावाच्या टेकाडांवर १९५२-५३ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. पुढे १९५७ ते ५९ मध्ये पुन्हा खणलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. गोल आणि चौकोनी झोपड्या, लाल भांड्यांवर काळी नक्षी, गारगोटीची बारीक पाती, तांब्याची हत्यारं, जळके गहू आणि मसूर, नंतरच्या थरांत तांदूळ. आज त्या भागातून सायकल ढकलत जाताना बांधावर गहूच दिसतो.

आणखी एक धागा आपल्या पैठणपर्यंत जातो. पाली 'सुत्तनिपात' ग्रंथात बावरीचे शिष्य बुद्धाच्या भेटीला उत्तरेकडे निघतात, त्यांच्या वाटेत प्रतिष्ठान, मग माहिष्मती, मग उज्जयिनी असा क्रम आहे. माहिष्मती म्हणजे महेश्वर, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे दख्खनेतून माळव्यात जायची ही वाट मराठ्यांच्या कितीतरी आधीची.

आता प्रश्नाकडे येतो. होळकरांचा मुलूख नर्मदेच्या दोन्ही तीरांना पसरलेला होता. त्यांना जसं पुण्यक्षेत्र हवं होतं, तसा भरवशाचा उतारही हवाच असणार. हा माझा तर्क आहे, पण दोन दिवसांच्या सायकलीने तो पक्का केला. १८१८ च्या मंदसोर तहानंतर राजधानी इंदूरला गेली. आजचा आग्रा रोड खाली खलघाटला नदी ओलांडतो. महेश्वरचा उतार मागे पडला.

आपली महेश्वरची सहल अजूनही १७६७ पासून सुरू होते आणि उत्तर तीरावरच संपते. टेकाडाकडेच्या एका शेतात मला नांगराने वर आलेली खापरं दिसली. उचलली नाहीत, जिथल्या तिथे ठेवली. पण दर हंगामाला नांगर फिरणारच. तेव्हा मंडळाच्या पुढच्या सहलीत घाटावर एक तास कमी बसू आणि नावेने पलीकडे जाऊ, एवढीच विनंती.