बोटांखालचे ग्रंथालय

विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही शंभरावर रचना त्यांच्या नावावर आहेत आणि महाराष्ट्र त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणून ओळखतो. ते ग्रंथ इतरांकडून वाचून घेत आणि स्मरणात साठवीत. इंग्रज कवी मिल्टन यानेही दृष्टी गेल्यावर दुसऱ्यांच्या डोळ्यांनी वाचन केले आणि दुसऱ्यांच्या हातांनी लेखन केले. अशी असामान्य माणसे आपण अभिमानाने सांगतो. परंतु सामान्य बुद्धीच्या, सामान्य परिस्थितीतल्या अंध माणसाचे काय होत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाचून दाखवणारा मिळेल तेव्हा वाचन, त्याला आवडेल ते पुस्तक, त्याला कंटाळा आला की पूर्णविराम. मागचे पान पुन्हा ऐकायचे तर आर्जव करायचे. स्वतःला आलेले खाजगी पत्रसुद्धा शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचे. या परावलंबनातून सुटण्याची धडपड म्हणजे अंधांच्या ग्रंथालयांचा इतिहास. त्या धडपडीत अंधत्वापेक्षा डोळसांच्या हट्टाचाच अडथळा अनेकदा मोठा ठरला, असे हा इतिहास वाचताना वाटते.

ख्रिस्ती युरोपने अंधांना आसरा फार पूर्वीपासून दिला. फ्रान्सचा राजा संत लुई याने तेराव्या शतकात पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रम उभारला. 'पंधरा वेळा वीस' अशा अर्थाच्या नावाने तो आजही ओळखला जातो. अन्न, वस्त्र, निवारा आणि प्रार्थना यांची तिथे सोय होती. मात्र पुस्तकाची गरज भासायला आणखी पाच शतके जावी लागली.

१७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत व्हॅलेंटीन हाउई या तरुणाने एक दृश्य पाहिले. काही अंध माणसांना विदूषकाच्या टोप्या आणि खोटे चष्मे घालून, हातात वाद्ये देऊन बसवले होते आणि भोवतालची गर्दी हसून लोळत होती. ते हाउईच्या मनाला लागले. पुढे १७८४ साली चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रांस्वा लसुर हा अंध मुलगा त्याचा पहिला विद्यार्थी झाला आणि त्यातूनच जगातील अंधांची पहिली शाळा उभी राहिली. हाउईने जाड ओल्या कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरे दाबून उठावदार पुस्तके छापली. कल्पना थोर होती, पण ती डोळसाची कल्पना होती. जे अक्षर डोळ्याला सुंदर दिसते ते बोटाला गोंधळात टाकते. वळणे आणि कोपरे चाचपत एकेक अक्षर ओळखावे लागे; वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जाई. शिवाय ही अक्षरे विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येत नसत. पुस्तके इतकी अवजड आणि महाग होत की शाळेचे सारे ग्रंथभांडार बोटांवर मोजता येईल एवढेच होते.

या शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. तो कुव्रे गावच्या खोगीरकाराचा मुलगा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातील आरी डोळ्यात लागून त्याला जखम झाली आणि संसर्गाने दुसरा डोळाही गेला. गावचे धर्मगुरू फादर पालुई यांनी त्याला प्रथम शिकवले, ही गोष्ट चरित्रांत एखाद्या ओळीत येते. खेड्यातील एका फादरांनी एका अंध पोरासाठी रोज थोडा वेळ काढला नसता, तर पुढचे सारेच राहिले असते.

शार्ल बार्बिए या गृहस्थाने उंचवट्याच्या ठिपक्यांची एक लिपी बनवली होती. ती सैनिकांना अंधारात वाचण्यासाठी होती असे सर्वत्र छापले जाते. अलीकडच्या संशोधनाने या आख्यायिकेवर शंका घेतली आहे. ज्यांना नेहमीचे शिक्षण मिळत नाही अशांना लिहिता यावे, हा त्याचा हेतू असावा. त्या लिपीत एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. एवढी खूण बोटाच्या टोकाखाली मावत नाही. शिवाय ती उच्चारांची लिपी होती. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक यांना तीत जागा नव्हती. ब्रेलने ठिपके सहावर आणले. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात आणि प्रत्येक जुळणी एका स्पर्शात कळते. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली. १८२९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्द, संगीत आणि प्लेन चांट, म्हणजे ख्रिस्तसभेचे पुरातन एकस्वरी उपासनागायन, या तिन्हींचा उल्लेख आहे. ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. मिस्साच्या सुरावटी अंध वादकाला स्वतः वाचता याव्यात ही त्याची निकड होती. गमतीची गोष्ट अशी की नव्या लिपीची ओळख करून देणारे हे पुस्तक जुन्याच उठावदार रोमन अक्षरांत छापावे लागले!

विद्यार्थ्यांनी ही लिपी झपाट्याने आत्मसात केली, पण अधिकाऱ्यांना ती पसंत पडेना. १८४० साली संचालकपदी आलेल्या द्युफो यांनी तिचा वापर बंद केला. अंधांनी डोळसांहून वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील, हा त्यांचा युक्तिवाद. वरकरणी तो उदार वाटतो. पण डोळस शिक्षकाला वाचता येत नाही ते विद्यार्थ्याने वाचू नये, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता. मुले चोरून ठिपके टोचीत राहिली. अखेर १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी गादे या सहकाऱ्याने ब्रेल लिपीची जाहीर बाजू मांडली आणि वारे फिरले. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. ब्रेल त्याआधी दोन वर्षे क्षयाने वारला होता.

शुभवर्तमानातील बार्तिमयाचा प्रसंग येथे आठवतो. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरीही प्रभू येशूने त्याला आधी विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? अंधांच्या कल्याणाच्या संस्थांनी हा प्रश्न फार थोड्या वेळा विचारला.

लिपी मिळाली, तरी पुस्तके कोठून यावीत? प्रथम ती हातांनीच तयार झाली. पाटीवर कागद अडकवून टोच्याने ठिपके पाडायचे. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूने उठतो, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे उलट लिहायचे. पॅरिसमध्ये मोरिस द ला सिझरान या अंध कार्यकर्त्याच्या प्रयत्नांतून १८८६ साली ब्रेल ग्रंथालय उभे राहिले आणि स्वयंसेवक घरी बसून एकेक पुस्तक उतरवू लागले. मध्ययुगीन मठांतील लेखनिकांची आठवण व्हावी असेच हे काम. लंडनमध्ये मार्था आर्नल्ड या बाईंनी १८८२ साली स्वतःच्या घरातून पुस्तके उसनी देण्यास आरंभ केला. त्यातून पुढे इंग्लंडचे राष्ट्रीय अंध ग्रंथालय वाढले. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली येशूसंघीय फादर जोसेफ स्टॅडलमन आणि मार्गारेट कॉफी ही अंध शिक्षिका यांनी झेवियर सोसायटी फॉर द ब्लाइंड स्थापिली. कॅथलिक अंधांना प्रार्थनापुस्तक, धर्मशिक्षण आणि संतचरित्रे मिळावीत म्हणून निघालेली ही संस्था आजही विनामूल्य पुस्तके पुरवते.

ब्रेल पुस्तकाचे ओझे ज्याने उचलले नाही त्याला या कामाची कल्पना येणार नाही. इंग्रजी ब्रेलमधील संपूर्ण बायबलचे अठराच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाड खंड होतात. ग्रंथालय गावापासून दूर आणि वाचक एकट्याने प्रवास करू न शकणारा. तेव्हा या ग्रंथालयांचा खरा आधार पोस्टमन होता. अमेरिकेने १९०४ साली अंधांच्या ग्रंथालयीन पुस्तकांचा टपालखर्च माफ केला. भारतीय टपाल खात्यानेही अंधांच्या साहित्याला अशी सवलत दिलेली आहे.

अमेरिकेत मात्र ठिपक्यांचे युद्ध पेटले. न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल, इंग्लिश ब्रेल, शिवाय मून यांची रेषांची लिपी. प्रत्येक शाळेचा आपापल्या लिपीसाठी हट्ट. एका राज्यात शिकलेल्याला दुसऱ्या राज्यातले पुस्तक परके. हेलन केलरला अनेक लिप्या शिकाव्या लागल्या आणि तिने त्याविरुद्ध आवाज उठवला. इंग्रजी भाषकांची एकच ब्रेल व्हायला १९३२ साल उजाडले. दरम्यान १९३१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रॅट-स्मूट कायदा करून अंधांच्या पुस्तकांसाठी वर्षाला एक लाख डॉलर मंजूर केले. कायद्यात 'प्रौढ' हा शब्द होता. तो १९५२ साली निघेपर्यंत मुलांना या ग्रंथालयाचा लाभ नव्हता.

उतारवयात दृष्टी गमावलेल्यांची बोटे ब्रेलला सहज सरावत नाहीत. त्यांच्यासाठी १९३४ साली अमेरिकेत बोलकी पुस्तके आली. सावकाश फिरणाऱ्या ग्रामोफोन तबकड्यांवर शुभवर्तमाने, स्तोत्रे, शेक्सपिअर असे भारदस्त साहित्य प्रथम ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडने आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक खुनाची कादंबरी निवडली. प्रस्तुत लेखकाला ही निवड मनापासून आवडते. अंध माणूस सदैव उन्नतीच्याच मार्गावर असला पाहिजे, ही अपेक्षा मोठी जाचक असते. रात्री झोप येईना तर त्यालाही खुनी कोण हे शोधावेसे वाटतेच की!

भारतात अंधशिक्षणाचा प्रारंभ १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी केला. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या त्या भयंकर काळात, अंधशाळा काढली. दादरची शाळा ती हीच. या स्त्रिया प्रॉटेस्टंट होत्या; म्हणून त्यांचे श्रेय देताना आपण हात आखडू नये. पाठोपाठ १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पण ठिपक्यांचे युद्ध इथेही पोहोचले होते. मिशनऱ्यांची ओरिएंटल ब्रेल वेगळी, कलकत्त्याची शाह ब्रेल वेगळी, दृष्टी गमावलेले गुजराती डॉक्टर नीळकंठराय छत्रपती यांची वेगळी, म्हैसूरची आणखी निराळी. जेथे एका लिपीत पुस्तके छापायला पैसा नव्हता, तेथे अर्धा डझन लिप्या!

स्वातंत्र्यानंतर हा गुंता सुटला. १९४९ साली भारत सरकारने युनेस्कोला मार्गदर्शनाची विनंती केली. ते काम सर क्लूथा मॅकेंझी यांच्याकडे आले. गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावलेला हा न्यूझीलंडचा माणूस दुसऱ्या महायुद्धात डेहराडूनला अंध भारतीय सैनिकांचे केंद्र चालवून गेला होता. दिल्लीत शिक्षण मंत्रालयात लाल अडवाणी हे स्वतः अंध असलेले अधिकारी होते. निर्णयाच्या खुर्चीत प्रथमच अंध माणसे बसली आणि १९५१ साली भारती ब्रेल मान्य झाली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल मुद्रणालय निघाले.

भारती ब्रेलची योजना मोठी सुबुद्ध आहे. मराठीतील क, म, स यांना इंग्रजी के, एम, एस यांचेच ठिपके आहेत. बंगाली वा तमिळ क यालाही तेच. लिहिण्याचा क्रम उच्चाराचा. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये मात्र क आधी आणि इ नंतर, जसे आपण बोलतो तसे. आपल्या 'ळ'लाही स्वतंत्र खूण मिळाली. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली आणि ब्रेल छपाई व बोलक्या पुस्तकांचे काम हळूहळू वाढले. तरीही मराठी अंध वाचकाच्या हाती प्रामुख्याने पाठ्यपुस्तकेच आली. ताजी बातमी, चर्चा, पाककृती असे नियतकालिकाचे सुख त्याला २००८ साली मिळाले, जेव्हा स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले.

एक अडथळा कायद्याचा होता. पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिप्रत काढणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नक्कल करणे. त्यासाठी प्रकाशकाची अनुमती हवी, आणि प्रकाशक पत्राला उत्तर देतीलच असे नाही. दीर्घ चळवळीनंतर २०१२ साली भारताच्या स्वामित्व हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींसाठी अशी प्रत काढण्यास मोकळीक मिळाली. जून २०१३ मध्ये माराकेश येथे याच हेतूचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता. या चळवळीत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र पुढे होते. येशूसंघीयांच्या या महाविद्यालयात २००३ साली सुरू झालेले हे केंद्र डॉ. सॅम तारापोरवाला या दृष्टिबाधित प्राध्यापकांनी उभारले. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे देशातील अशा पुस्तकांचे एकत्रित संगणकीय ग्रंथालय खुले झाले. आता संगणक मराठी मजकूर वाचून दाखवतो, आणि अठरा खंडांचे बायबल खिशातल्या फोनमध्ये मावते.

मात्र संगणकाला मजकूर 'दिसावा' लागतो. मराठीतील कित्येक नियतकालिके, गीतपुस्तके आणि नोव्हेनाच्या पुस्तिका ज्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवल्या गेल्या, त्यांतले अक्षर कागदावर सुबक उमटते. पण वाचक-यंत्राला त्याच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे सापडतात. पानाचे नुसते छायाचित्र असेल, तर ओळखयंत्राशिवाय त्याला तेवढेही मिळत नाही, आणि जोडाक्षरांपाशी ते यंत्रही अडखळते. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो ऐकता येतो, त्यातून ब्रेलही काढता येते. धर्मग्रामाच्या गीतपुस्तकाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा मुद्रकाकडून युनिकोड प्रत मागून घेण्यास काही खर्च नाही, आणि गायनवृंदातील अंध सभासदाला गीताचे शब्द रविवारच्या आधी स्वतःच वाचून ठेवता येतात.