बोर्डिंगची पंगत

एकाच पंथाच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात आपला स्वतंत्र गोतावळा उभारावा, ही कल्पना आपल्याला परकी वाटते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९२५ साली लूथरपंथी तरुणांसाठी 'बीटा सिग्मा साय' ही बंधुसंस्था स्थापन झाली. घर सोडून आलेल्या मुलाला छप्पर, सोबत आणि श्रद्धेचा आधार मिळावा, हा तिचा हेतू. परंतु अशी घरे कोल्हापुरात त्याआधी पाव शतक उभी राहिली होती. आपण त्यांना 'बोर्डिंग' म्हणतो.

शाहू महाराजांनी १८९६ मध्ये प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. काही वर्षांतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी रांगच लागली. महाराजांनी जातींच्या चुली वेगळ्या मांडल्या, हा आक्षेप मला उथळ वाटतो. एका पंगतीत बसायचे तर खेड्यातला मुलगा आधी शहरात टिकायला हवा होता.

तरीही भिंत ती भिंतच. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा कुंभोजचा भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला. परतल्यावर त्याला बजावण्यात आले, की स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात यायचे नाही. त्याने नकार दिला, बोर्डिंग सुटले. हा आग्रह धरणारे अण्णासाहेब लठ्ठे पुढे शाहू महाराजांचे चरित्रकार झाले, हा इतिहासाचा मिस्कीलपणा! भाऊरावाला आसरा दिला तो महाराजांनीच, राजवाड्यात.

याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आमच्या आंबेगाव तालुक्यातील मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय तिचेच. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळाले ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. पैशांची चणचण मात्र कायमचीच. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना दिला, आणि अखेर मंगळसूत्रही विकले.